न पाहिलेल्या चित्रांच्या पाट्या

ताई, तुझ्या उठावण्याच्या शोकसभेत मी हसलो. हे तुझ्यापर्यंत दुसऱ्या कुणी पोहोचवायच्या आत मीच सांगून टाकतो. समाजातले एक ज्येष्ठ उठून उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई अत्यंत शांत, मितभाषी, घराबाहेर फारशा न पडणाऱ्या होत्या." शांत! मितभाषी! मला एकदम मुंबईच्या त्या पांढऱ्याशुभ्र हॉलमधली तू आठवलीस. पर्स काखेत मारून, पदर खोचून, माझ्याकडे बोट दाखवत पहारेकऱ्याला ठणकावून सांगणारी, "हा माणूस माह्या ओळखीचा नाई." घशातून आवाज फुटलाच. रुमाल तोंडाला लावला. शेजारच्याने पाठीवरून हात फिरवला, म्हणाला, "रडून घ्या, मोकळे व्हा." मी मोकळा झालो. दोन्ही प्रकारे.

त्याला आज बारा दिवस झाले. मधल्या काळात एक भानगड झाली आहे आणि ती निस्तरायला तू नाहीस. तुझ्या मेघाला पुण्याला परत जायच्या आधी कपाट आवरताना तुझी ती लांबट वही सापडली. आत नऊ चित्रं. प्रत्येक पानामागे तुझं टपोरं अक्षर: "दिल्लीचं प्रदर्शन. पद्यानं पाहिलेलं." मेघा वही छातीशी धरून माझ्याकडे आली. येत्या रविवारी तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये ही नऊ चित्रं लावायची असं तिने आणि मुख्याध्यापकांनी ठरवूनही टाकलं आहे. प्रत्येक चित्राखाली एक पाटी हवी: दिल्लीचं मूळ चित्र कोणाचं, कसं होतं. "पाट्या तूच लिही मामा," म्हणाली, "तूच तर पाहिलीस ना ती."

ताई, मामाने त्यातलं एकही पाहिलेलं नाही.

हे तुला सांगायचं राहिलं. तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय. पण तू मला ओळखतेस. मुद्द्याच्या घरी जायच्या आधी मला चार घरी पाणी प्यावं लागतं.

खरं तर दोष तुझाच. तू निवृत्त झालीस त्या आठवड्यात बाजार समितीत माझ्या अडतीवर येऊन बसलीस आणि लिलाव चालू असताना जाहीर केलंस, "तीस वर्षं पोट्ट्यायकडून तांब्या अन् दोन वांगे काढून घेतले पद्या. एलिमेंटरीले तांब्या, इंटरमिजिएटले तांब्या. आता मले पाहाचं हाय, मोठे लोक काय काढून राह्यले."

"भाऊजीले घेऊन जा ना."

"त्यायले इचारलं. ते म्हणे टीव्हीवर दिसन."

भाऊजींचा मुद्दा मला पटला होता, पण तू मोठी बहीण. लहानपणी माझ्या सगळ्या चोऱ्या तुला माहीत. मी निमूट पिशवी उचलली. मग रिसोडहून एसटीने अकोला, अकोल्याहून रेल्वे, अशा आपल्या वाऱ्या सुरू झाल्या. मुंबई, पुणे, नागपूर, एकदा तर पार बडोदा. पिशवीत दशम्या, चिवडा, तुझी वही, आणि तुझा एकच नियम: आधी पाहायचं, मग वाचायचं. मला ते कधी जमलं नाही. बाजारात पोत्यावरची खूण वाचल्याशिवाय आपण पोत्याला हात लावत नाही, तसा मी भिंतीवरची पाटी वाचल्याशिवाय चित्राकडे बघतच नसे. तू एकेका चित्रासमोर वीस वीस मिनिटं उभी. मी तेवढ्यात अख्खा मजला उरकून, स्वच्छतागृह शोधून, दोन चहा पिऊन परत यायचो, तर तू तिथेच.

"झालं का?"

"तू कुठं होता?"

"पाहून आलो सगळं."

"सगळं पाह्यलं? मंग सांग, त्या दुसऱ्या चित्रात किती माणसं होती?"

त्यात माणसंच नव्हती. हे मला पुढच्या स्टेशनवर कळायचं.

आता तो मुंबईचा हॉल. तू आतल्या खोलीत कुठल्यातरी काळ्या चौकोनासमोर खिळली होतीस. बाहेरच्या हॉलमध्ये पांढऱ्या फरशीवर, दिव्यांच्या झोतात, सोयाबीनची रास. चार-पाच पोती सहज असेल. ताई, इतक्या दूर, इतक्या अनोळखी लोकांत आपला माल दिसल्यावर माणसाला जो उमाळा येतो तो मला आला. पाटी न वाचता मी पाहिलेली ती पहिली कलाकृती. पाहिली म्हणजे काय, वाकून चार दाणे उचलले, एक दाताखाली धरला. सवय. दाणा कट्‌ न होता चपटा झाला. ओला! राशीत कोपरापर्यंत हात घातला तर आत गरम. म्हणजे अजून तीन दिवसांत वास सुटणार. पहारेकरी चहाला गेलेला. आजूबाजूला कुणी जबाबदार माणूस दिसेना. मग मी बूट काढले, पँट दुमडली आणि रास पसरवायला घेतली. आधी हाताने, मग पायाने. आपण खळ्यावर माल उलटायला पाय फरफटवत चालतो, तशा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सऱ्या पाडल्या. मन लावून. पंधरा मिनिटांनी मान वर केली तर चाळीसेक माणसं मोबाइल धरून उभी. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी नमस्कारही केला.

मग पहारेकरी आला. मग तू आलीस आणि ते ओळखीचं वाक्य बोललीस. मग बारीक केस कापलेली एक तरुण बाई धावत आली. ती त्या राशीची कलाकार.

"काका, हे काय केलंत?"

"बाई, माल ओला हाय तुमचा. आतून तापला. सडला असता ना."

"सडण्यासाठीच ठेवला होता!" ती जवळजवळ रडकुंडीला आली. "महिनाभर लोकांनी ते सडताना बघायचं होतं."

"सडवायले ठेवते का बाप्पा कोणी माल?"

मग मीच फावडं मागवून तिच्या माणसांना रास कशी रचतात ते दाखवलं. चांगली टोकदार रचून दिली. नुकसानभरपाई म्हणून.

भुसावळ येईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. भुसावळला एकदम हसायला लागलीस ती इतकी, की वरच्या बर्थवरचा माणूस खाली उतरून विचारू लागला, बाईंना काही होतंय का. हसून झाल्यावर डोळे पुसलेस आणि वाद सुरू केलास.

"पद्या, आपल्या बाजारात शेडच्या बाहेर माल भिजते. दरवर्षी सडते. तुले कधी राग आला?"

"तिथं रोजचं हाय ते."

"अन् तिथं मुंबईले चार पोत्यांसाठी बूट काढले तू. काहून?"

"काहून म्हणजे... दिसलं म्हणून."

"हा," तू म्हणालीस. "तिनं दाखवलं म्हणून दिसलं."

ताई, त्याला आता चार वर्षं झाली. मी तुला अकरा तरी उत्तरं दिली असतील. फोनवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्यात रक्त काढत असताना. माझं म्हणणं, मी माल वाळवला. तुझं म्हणणं, तिच्या राशीने माझ्याकडून बूट काढून घेतले, आणि वर त्या सऱ्या दिसत किती छान होत्या. शेवटी नागपूरच्या प्रदर्शनात अभिप्रायाच्या वहीत मी खुन्नस काढली. लिहिलं, "माल चांगला, पॅकिंग सुधारावे." तू ते खोडलं नाहीस. खाली लिहिलंस, "वरील गृहस्थ स्वतः एक कलाकार आहेत." बाराव्या उत्तराची जुळवाजुळव चालू होती. आता ते कुणाला ऐकवू?

असो. आता मुद्द्याचं घर आलंच.

डॉक्टरांनी तुझा प्रवास बंद केला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. दिल्लीला तो मोठा कला मेळा लागला होता. दोन वर्षं तुझं तेच चाललं होतं, दिल्ली, दिल्ली. "तू जा," म्हणालीस. "नीट पाह्यजो. अन् येऊन मले एकेक सांगजो. पाट्या नको सांगू, चित्रं सांग." हातात नवीन वही, तीन पेन्सिली, टोक केलेल्या. आजारी माणूस एवढं टोक कशाला करतो, असं मला तेव्हा वाटलं.

मी गेलो ग. अगदी सकाळी दहाला त्या अवाढव्य मैदानाच्या दारात हजर. मेळ्याचा शेवटचा दिवस. पण त्या मैदानात एकाच वेळी दहा प्रदर्शनं असतात हे कुणी सांगावं? डाव्या हाताला बाण: कला मेळा. उजव्या हाताला बाण: धान्य प्रक्रिया यंत्रं. ताई, मी म्हटलं, पाच मिनिटं. अगदी आपल्या आईची शपथ, पाच मिनिटं. आत गेलो तर काय सांगू! चाळण्या, ग्रेडर, खडे वेगळे करणारी मशीन, आणि मधोमध तो कलर सॉर्टर, रंगावरून डागी दाणा वेगळा काढणारा, मिनिटाला पोतं साफ करतो. मी एकेका मशीनसमोर वीस वीस मिनिटं उभा होतो. तू पाहिलं असतंस तर तुला माझा अभिमान वाटला असता. जेवण त्यांनीच दिलं. माहितीपत्रकं दिली. बाहेर आलो तर सावल्या लांब झालेल्या. धावत डाव्या बाणाकडे गेलो. दारावरचा माणूस म्हणाला, "खतम हो गया साब, सब उतर रहा है." दोन कामगार एक भलं मोठं चित्र कागदात गुंडाळून नेत होते. माझ्याकडे त्याची पाठ होती. दिल्लीच्या कला मेळ्यात मी पाहिलेलं एवढंच. एका चित्राची पाठ.

परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं, खरं सांगायचं. शिव्या खायच्या. पण तुझ्या खोलीत शिरलो तर तू उशीला टेकून, चष्मा लावून, वही मांडीवर घेऊन तयार. वेणीसुद्धा नीट घातलेली. कित्येक दिवसांनी.

"सांग," म्हणालीस. "पयलं काय पाह्यलं?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "पयलं... एक मोठं खोकं होतं. पांढरं. माणसापेक्षा उंच."

"बरं?"

"त्यात वरून दाण्यायचा पडदा पडून राह्यला. एकसारखा. सर्रर्र आवाज. अन् मधातच एखादा काळा दाणा आला, का फट्‌ अशी हवा सुटते अन् त्याले बाजूले उडवते."

तू डोळे मिटलेस. "फक्त काळ्याले?"

"काळ्याले. डागी असन तर त्यालेही."

"ओळखते कसं?"

"कॅमेरा असते ना आत."

"बाई बाई. केवढा इचार केला त्या माणसानं. कोणाचं व्हय?"

"नाव... केरळातला कोणी होता."

"अन् ते उडवलेले दाणे?"

"मागच्या नळीनं वेगळ्या पोत्यात."

"त्या पोत्याचं काय करतात?"

"कोंबड्यायच्या खाद्याले इकतात."

तू एक डोळा उघडलास. "चित्रातले दाणे? कोंबड्याले?"

"म्हणजे... तसा भावार्थ हाय."

तू गंभीरपणे वहीत लिहिलंस. मी नंतर चोरून पाहिलं. "भावार्थ: कोंबड्या."

त्यानंतर रोज दुपारी, लिलाव उरकून मी यायचो आणि एक चित्र सांगायचो. एकावर एक हलणाऱ्या तीन चाळण्या. भरून वर जाणाऱ्या बादल्यांची माळ. थरथरणारा पत्रा, ज्यावर दाणे खाली येतात आणि खडे वर चढतात. सहाव्या दिवशी आठवणीतली मशीन संपली, तेव्हापासून तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून माहितीपत्रकातून पाठ करून यायचो. एकदा तर "तीन फेजवर चालते" असंही बोलून गेलो. तू मान हलवलीस, जसं काही चित्रं तीन फेजवरच चालत असतात. ते नऊ दिवस तुझा हात थरथरत नव्हता. औषधाची वेळ तूच विचारायचीस, उरकून टाकायला. मला वाटायचं, सांगावं का? मग वाटायचं, उद्या. नवव्या चित्रानंतर उद्या संपले.

म्हणून मी परवा भाऊजींकडे गेलो. शाळेच्या भिंतीवर नऊ खोट्या पाट्या लावायचं धाडस होत नव्हतं. तुझ्या शेवटच्या आनंदात मी भेसळ केली, हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. स्वतःची डाळ मिल बंद करून सात वर्षं झाली, पण भाऊजी ओट्यावर, मान नेहमीसारखी जराशी डावीकडे कलवून, ताटात तूरडाळ घेऊन निवडतच बसले होते.

"भाऊजी, एक चूक झाली माह्याकडून."

"एकच?"

"दिल्लीले मी चित्रं पाह्यलीच नाई. मशीन पाहत बसलो. ताईले सांगितलं ते सगळं मशीनचं होतं."

भाऊजींनी एक खडा काढून बाजूला टाकला. "मले काय सांगता साळेबुवा. मले दुसऱ्या दिवशीच समजलं. तिनं पान दाखवलं, म्हणे पाहा, दिल्लीची कला. मी म्हटलं, हे तीन चाळण्यायचं ग्रेडर व्हय. आपल्या मिलमधी होतं तसं."

"मंग? ताई काय म्हणाली?"

"म्हणे, तुमाले कलेतलं काय समजते, गप बसा. मी गप बसलो." अजून एक खडा. "मंग थोड्या वेळानं म्हणे, अवो, याचा पट्टा कोणत्या बाजूनं फिरते? माणूस कुठं उभा राहते? म्हटलं, तुले कायले पाह्यजे? म्हणे, चित्राले."

मी पिशवीतून वही काढली. पहिलं पान, पांढरं खोकं आणि दाण्यांचा पडदा. सुंदर. दुसरं पान, तीन चाळण्या, आणि कोपऱ्यात, अंगठ्याएवढा, एक माणूस. मान जराशी डावीकडे कललेली, हात पडत्या दाण्यांखाली पसरलेला, जसा मिलवाला माल हातावर घेऊन पाहतो. मी असा कुणी माणूस सांगितला नव्हता. तिसऱ्या पानावर तोच. चौथ्यावर तोच, बादल्यांच्या माळेशेजारी. थेट नवव्यापर्यंत. पहिल्या पानावर तेवढा नाही.

म्हणजे ताई, दुसऱ्या दिवसापासून तुला सगळं ठाऊक होतं. आणि त्यानंतर सात दिवस तू चेहऱ्यावरची रेषही न हलवता मला "कोणाचं व्हय?" विचारत राहिलीस, आणि मी गाढव, गल्लीत उभा राहून पाठांतर करत होतो! केरळ झालं, बंगाल झालं, एकदा तर मी कलाकाराला पद्मश्रीसुद्धा देऊन टाकली. तू टिपून घेतलीस. मला इतकं कुणी कधी फसवलं नव्हतं. ओट्यावर बसून मी पुन्हा हसलो, या वेळी रुमालाशिवाय.

भाऊजी हसले नाहीत. ते आत जाऊन चष्मा घेऊन आले. वही मांडीवर घेतली. तुला माहीत आहे, त्यांनी आयुष्यात एकही प्रदर्शन पाहिलं नाही, आणि तू त्यांच्या मिलमध्ये दोनदा तरी गेली असशील की नाही, भुसा नाकात जातो म्हणून. ते एकेक पान पाहत होते. उन्हं कलली. आपल्या जैन घरी दिवस मावळला की जेवण बंद, म्हणून मेघा दोनदा हाक मारून गेली, "बाबा, वाढलंय." त्यांनी नुसता हात वर केला. चौथ्या पानावर बराच वेळ थांबले, मग बोट ठेवलं.

"हे चूक हाय."

"काय चूक?"

"मी पट्ट्याच्या या बाजूनं कधीच उभा राह्यलो नाई. हात गेला असता. तिले सांगितलं होतं मी, तरी इकडूनच काढलं."

"भाऊजी, चित्र आहे ते. इकडून तुमचा चेहरा दिसतो, म्हणून काढलं असेल."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"शाळेतले पोट्टे पाहतीन ना. त्यायले वाटन असंच उभं राहा लागते. पाटी लिहून राह्यले ना तुमी? लिहा त्यात."

तर ताई, पाट्या काल लिहून झाल्या. आठ पाट्यांवर मी खरं ते लिहिलं, मशीनचं नाव, त्याखाली तुझं नाव, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात: "हे चित्र आहे असे सांगणारा: पद्माकर." मेघाने वाचलं आणि पोट धरून हसली, मग डोळे पुसत बसली. चौथ्या चित्राची पाटी भाऊजींनी सांगितली तशी लिहिली: "पट्ट्याच्या या बाजूला कोणीही उभे राहू नये. हात जातो." मी विचारलं, खाली तुमचं नाव टाकू का?

"नाव कायले?" म्हणाले. "मी हाय ना त्यातच."